दत्तूची आई

देवदत्त टिळकांना चरित्र लिहायचे होते ते वडिलांचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. मागे कविता, अभंग, अर्धे राहिलेले महाकाव्य आणि त्याहून अर्ध्या राहिलेल्या अनेक योजना एवढा पसारा होता. विन्स्लो यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र १९२३ साली आले. मराठी चरित्र मुलाने लिहावे हे साहजिकच होते. साधने जमवताना देवदत्तांनी आईला सांगितले, तुला आठवेल तसे लिहून दे. आईने लिहायला घेतले. वडिलांच्या चरित्रासाठी मागवलेल्या टिपणांतून हळूहळू आईचेच पुस्तक उभे राहिले. आधी ‘संजीवनी’ साप्ताहिकातून आणि मग १९३४ पासून एकेक भाग करत ते वाचकांसमोर आले. ‘स्मृतिचित्रे’ हे त्याचे नाव, आणि मराठी गद्यातल्या पहिल्या दहा पुस्तकांची यादी कोणीही केली तरी ते त्यात असते.

लिहिणारी बाई शाळेत गेलेली नव्हती. अक्षरओळख नवऱ्याने करून दिली होती आणि जोडाक्षरांशी तिचे कधी फारसे जमले नाही. लिहायला बसली तेव्हा ती विधवा होती आणि नातवंडांची आजी होती.

लक्ष्मीबाई टिळकांविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातले बहुतेक त्यांना टिळकांची बायको म्हणून पाहते. विक्षिप्त, उदार, प्रतिभावान, घर सोडून पुन्हा पुन्हा निघून जाणारा नवरा; त्याचे धर्मांतर; तिची फरफट; शेवटी तिचे त्याच्या मागे जाणे. गोष्ट खरी आहे आणि थरारकही. इंग्रजीत जोसेफिन इंकस्टर यांनी १९५० साली केलेल्या भाषांतराचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’ असे आहे. शांता गोखले यांच्या २०१७ च्या भाषांतराच्या उपशीर्षकातही पत्नीच आहे. त्या काळच्या इतर आत्मकथांकडे पाहिले तर हे नवलाचे नाही. रमाबाई रानड्यांचे १९१० चे आठवणींचे पुस्तक महादेवरावांभोवती फिरते, आणि पुढे १९४४ साली आलेल्या बाया कर्व्यांच्या ‘माझे पुराण’मध्येही अण्णा कर्वे पानोपानी आहेत. थोरांच्या घरातल्या बायकांनी थोरांबद्दल सांगावे, अशीच वाचकांची अपेक्षा असे.

पण ‘स्मृतिचित्रे’ सलग वाचले की आणखी एक सूत्र हाताला लागते. या बाईचे जवळजवळ सगळे मोठे निर्णय एखाद्या मुलाशी येऊन भिडतात. कधी ते मूल पोटचे असते, कधी दुसऱ्याचे, कधी दुष्काळात रस्त्यावर आलेले. नवऱ्यावर ती रागावते, त्याच्याशी भांडते, त्याच्यासाठी रडते. मुलांच्या बाबतीत मात्र ती कामाला लागते. आणि पुढे हेच पुस्तक टिकवण्याचे काम तिच्या मुलाने आणि नातवाने केले. लक्ष्मीबाईंची आठवण काढायची तर आई आणि आजी म्हणून काढणे त्यांच्यावर अन्याय करणारे नाही. उलट आजवर राहून गेलेली एक बाजू त्यातून उजेडात येते.

त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. गोदाकाठचे हे गाव आज शहराच्या वेशीला येऊन टेकले आहे. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका, घरात हाक मनू. त्यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, वासुदेव भगवंत जोगळेकर यांना सत्तावन्नच्या बंडानंतर इंग्रजांनी फाशी दिले होते. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांना, नाना गोखल्यांना, सोवळ्याचे वेड लागले. वेड हाच शब्द बरोबर आहे, कारण साध्या कर्मठपणाच्या कितीतरी पलीकडचे हे प्रकरण होते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. कोणाची सावली, कोणाचा स्पर्श, कुठून तरी उडालेला थेंब, सगळ्याची धास्ती. घरातल्या बायकामुलांचा दिवस धुण्यात आणि वाळवण्यात जायचा.

लक्ष्मीबाईंनी हे सगळे हसत हसत लिहिले आहे. वाचणाराही हसतो, आणि मग त्या घरातल्या लहान मुलांचा विचार मनात येऊन थबकतो. वडील जवळ घेत नाहीत, कारण मुले विटाळलेली. खाऊ आणला तर तो धुतला जाणार. अशा घरात वाढलेल्या मुलीने पुढे कोणत्याही जातीचे, कोणत्याही आजाराचे मूल बेधडक उचलून कडेवर घेतले. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत लांबचा प्रवास बहुधा हाच होता, आणि तो एका दिवसात झालेला नाही.

लग्न झाले तेव्हा मनू अकरा वर्षांची होती, नवरा अठराच्या आसपास. माहेरची मनू सासरी लक्ष्मी झाली. नारायणराव कवी होते, वक्ते होते, संस्कृत जाणत होते आणि एका जागी राहणे त्यांना जमत नसे. नोकरी धरायची, सोडायची. घर मांडायचे, मोडायचे. एक दिवस काहीही न सांगता निघून जायचे. पैसा हातात आला की तो गरजूच्या हातात जायचा, आणि घरात पीठ नाही ही गोष्ट त्यांच्या ध्यानातही यायची नाही. बायकोला पुन्हा माहेरी किंवा बहिणीकडे जावे लागायचे. भिकुताई पेंडसे या थोरल्या बहिणीचे घर म्हणजे लक्ष्मीबाईंचे हक्काचे आश्रयस्थान होते. ‘स्मृतिचित्रे’मध्ये भिकुताई आणि त्यांचे यजमान नानासाहेब पेंडसे ज्या मायेने येतात, त्यावरून कळते की नवऱ्याच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या या संसाराला खरा आधार बहिणीच्या चुलीचा होता.

याच धावपळीत मुले झाली आणि गेली. त्या काळी पाळण्यातली मुले जाणे घरोघरी होते, म्हणून ते आईला कमी लागत असेल असे समजण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाई या मृत्यूंबद्दल थोडक्यात लिहितात. जिथे त्यांना हसू येते तिथे त्या पानेच्या पाने सांगत राहतात आणि जिथे जिव्हारी लागलेले असते तिथे दोन-चार वाक्यांत पुढे जातात. १८९१ साली दत्तू झाला. हाच पुढचा देवदत्त. तो जगला.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या मिशनऱ्याशी टिळकांची गाठ पडली. त्याने बायबल हाती दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. बायको तेव्हा त्यांच्यापासून दूर माहेरच्या माणसांत होती. मुलगा तीन-चार वर्षांचा.

या क्षणी लक्ष्मीबाई कोणत्या कात्रीत सापडल्या हे आज समजायला थोडे अवघड जाते. १८६६ च्या कायद्याप्रमाणे धर्मांतर केलेल्या माणसाला आपल्या हिंदू जोडीदाराला कोर्टात खेचता येत असे. जोडीदाराने सोबत राहायला नकार दिला तर लग्न मोडून घेता येत असे आणि दुसरे करता येत असे. मुलाचा नैसर्गिक पालक बाप. जातीच्या नजरेत मात्र तो बाप मेल्यासारखाच. म्हणजे बाई सवाष्णही खरी, कुंकूही कायम, आणि तरी संसार नाही. सरकारचा कायदा उद्या मूल बापाच्या स्वाधीन करू शकतो, आणि मुलासकट ती बापाकडे गेली तर जात दोघांनाही टाकणार. दहाच वर्षे आधी रखमाबाईंच्या खटल्याने नांदायला जाण्याच्या सक्तीवरून सगळा मुलूख ढवळून काढला होता. त्या धुरळ्यात वाढलेल्या पिढीला कोर्टाची पायरी काय असते ते ठाऊक होते.

टिळकांनी खटला भरला नाही, लग्न मोडले नाही आणि दुसरे केले नाही. त्यांनी पत्रे लिहिली आणि वाट पाहिली. त्यांच्या सगळ्या बेभरवशाच्या कारभारात ही एक गोष्ट त्यांच्या खात्यावर ठळकपणे मांडायला हवी.

लक्ष्मीबाईंच्या मनावर पहिला घाव इतका मोठा बसला की जवळच्यांना त्यांच्या जिवाची काळजी वाटू लागली. त्यातून त्या सावरल्या. पुढची काही वर्षे पंढरपूर आणि नातेवाइकांची घरे यांत गेली. दत्तू सोबत होता. बाईमाणसाने दुसऱ्याच्या घरात राहायचे तर हाताला काम लागते, आणि पोर वागवायचे तर तोंडाला आवर घालावा लागतो. त्यांनी दोन्ही केले. याच काळात त्या कविता जुळवू लागल्या. मनातले बोलायला माणूस नव्हते आणि दत्तू समजण्याएवढा मोठा नव्हता. नवऱ्याच्या पत्रांना उत्तरे जाऊ लागली, त्यांत रागही होता आणि ओढही.

शेवटी त्या नगरला, आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे गेल्या. गेल्या त्या आपल्या अटींवर. धर्म त्यांचा त्यांच्यापाशी, आपला आपल्यापाशी. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. ख्रिस्ती वस्तीत एक ब्राह्मण बाई सोवळ्याने आपली चूल सांभाळते आहे आणि शेजारी तिचा ख्रिस्ती नवरा आहे, हे दृश्य बघायला त्या वस्तीतल्या लोकांनाही गंमत वाटली असेल. दत्तूला मात्र दोन्ही चुलींवर जेवायला मोकळीक असणार, कारण मुलांची भूक असले पाणवठे मानत नाही.

पुढे काय झाले ते लक्ष्मीबाईंनी फार प्रामाणिकपणे सांगितले आहे. त्यांचा धर्म बदलण्याच्या आधी त्यांची जात गळाली. जात माणसाने केलेली आहे, देवाने नाही, असे त्यांना वाटू लागले आणि ते पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खायला सुरुवात केली. बायबल त्यानंतर आले. आधी बुद्धीला पटले, मग हाताने केले, मग श्रद्धा बसली. १९०० साली राहुरीला डॉ. बॅलन्टाइन यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी.

तो काळ दुष्काळाचा होता. १८९९-१९०० च्या दुष्काळाने नगर जिल्ह्याचे कंबरडे मोडले होते. मिशनच्या आवारांत अनाथ पोरांची रीघ लागली होती. टिळकांचे मन अशा वेळी आवरणे कोणालाच शक्य नव्हते. ते मुले घरी आणत. आणणे त्यांच्याकडे, उस्तवार लक्ष्मीबाईंकडे. हाडांचे सापळे झालेली, खरजेने भरलेली, अन्न दिसले की तुटून पडणारी ही पोरे. त्यांना एकदम पोटभर घालूनही चालत नाही, आणि भुकेलेल्या पोरासमोरून ताट मागे घेणे आईच्या जिवावर येते. जलालपूरच्या घरात मीठमिरची धुऊन घेणाऱ्या बापाची लेक आता कोणाची जात न विचारता पोरांची डोकी धूत होती.

नगरला प्लेग आला तेव्हाही त्या मिशनच्या मुलींसोबत राहिल्या आणि आजाऱ्यांची सेवा केली. प्लेगच्या रोग्याजवळ सख्खे नातेवाईकही फिरकत नसत असा तो काळ. लक्ष्मीबाईंना वैद्यकाचे शिक्षण नव्हते. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढायची सवय होती, आणि तेवढ्यावर त्या उभ्या राहिल्या. या प्रकरणांत त्यांच्या लिहिण्याचा सूर बदलतो. भीती वाटली तर वाटली असे त्या लिहितात, कंटाळा आला तर तेही. सेवेचे स्तोत्र त्या म्हणत नाहीत. म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसतो.

नगरच्या त्या घरात आणखी एक मुलगा येऊन राहिला. १९०७ साली जळगावला पहिले मराठी कविसंमेलन भरले. कर्नल कीर्तिकर अध्यक्ष होते. सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या पोराने तिथे कविता म्हटली आणि ‘बालकवी’ हे नाव घेऊन तो घरी गेला. टिळकांनी त्याला नगरला आणले. ठोंबरे १८९० चे, दत्तू १८९१ चा. लक्ष्मीबाईंच्या लेखी एक मुलगा होता, त्याच्या बरोबरीचा आणखी एक आला.

बालकवींच्या निसर्गकवितेवर मराठीत ग्रंथ झाले, प्रबंध झाले. पण हा मुलगा घरात कसा वागायचा, कशावर रुसायचा, किती हळवा होता, एखाद्या साध्या बोलण्याने कसा दुखावला जायचा, हे कळायचे तर ‘स्मृतिचित्रे’कडेच जावे लागते. लक्ष्मीबाईंनी त्यांना कवी म्हणून पाहिलेच नाही असे नाही. त्यांची प्रतिभा त्या जाणून होत्या. पण कवीलाही वेळेवर जेवायला लागते आणि रात्री भीती वाटली तर कोणीतरी जागे लागते, हे त्यांना अधिक जाणवत होते. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. टिळकांच्या घरातले एक पोर गेले, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात घराचा कर्ता गेला.

त्याआधी टिळकांनी मिशनची बांधिलकी सोडली होती आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला होता. पुन्हा नवे घर, नवे गाव, हातात पैसा नाही. लक्ष्मीबाई पन्नाशीला आल्या होत्या. त्यांनी पुन्हा चूल मांडली.

नवरा गेल्यावर बाईने काय करावे, याची उत्तरे त्या काळच्या समाजाकडे तयार होती. लक्ष्मीबाईंनी त्यातले एकही घेतले नाही. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू केले होते आणि दहा-साडेदहा अध्यायांवर ते थांबले होते. ते पुरे करायचे त्यांनी ठरवले. येशूचे चरित्र, मराठी छंदात, मराठी माणसाला आपले वाटेल असे. जोडाक्षरांनी नेहमी छळलेल्या बाईने पुढचे चौसष्ट अध्याय रचले. ग्रंथ १९३८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. समीक्षकांनी ‘ख्रिस्तायन’कडे ‘स्मृतिचित्रे’इतके लक्ष दिले नाही. दिले असते तर एक गोष्ट दिसली असती: बेथलेहेमच्या गोठ्यापासून क्रुसापर्यंतची ही कथा मुळात एका आईची आणि तिच्या मुलाचीही कथा आहे, आणि ती लिहायला मुले पुरलेली आणि मुले वाढवलेली बाई बसली होती. तिच्या तयारीचा हा भाग कोणत्याही पाठशाळेत मिळाला नसता.

टिळकांनंतर दत्तूचे घर हेच त्यांचे घर झाले. देवदत्त आता मोठे झाले होते, संसारी होते. मुलाच्या नोकरीमागोमाग लक्ष्मीबाई कराचीलाही जाऊन राहिल्या. गोदाकाठच्या बाईने म्हातारपणी सिंधमध्ये बिऱ्हाड मांडले. घरात नातवंडे. नवऱ्याच्या संसारात त्यांचे निम्मे आयुष्य बोचकी बांधण्यात आणि सोडण्यात गेले होते, त्यामुळे गाव बदलण्याचे भय असे त्यांना नव्हतेच. फरक इतकाच की आता सकाळी उठल्यावर घरातला कर्ता माणूस घरातच सापडत होता.

‘स्मृतिचित्रे’चा सूर या घरात तयार झाला असावा. पुस्तकात बोलल्यासारखी छोटी वाक्ये आहेत. विशेषणे जवळजवळ नाहीत. माणूस पुढ्यात येतो तो त्याच्या बोलण्यातून. फजितीचा प्रसंग अगदी नेमक्या ठिकाणी संपतो. असे गद्य टेबलाशी बसून साधत नाही. ते सांगून सांगून घोटले जाते, आणि ऐकणारी मुले असली की जास्तच, कारण मुले लांबण लावू देत नाहीत आणि आवडलेली गोष्ट पुन्हा सांगायला लावतात. आजोबांनी पगार वाटून टाकला ती गोष्ट, नानांनी सगळे घर धुवायला लावले ती गोष्ट. ज्या दिवशी ते घडले त्या दिवशी लक्ष्मीबाई रडल्या असतील. मुलाला सांगताना त्यात हसू आले, नातवंडांना सांगताना आणखी आले. लिहायची वेळ आली तेव्हा दुःखाचा कढ निवालेला होता आणि तपशील मात्र एकही हरवला नव्हता.

या हसण्याला क्षमाशीलता म्हणावे का? पूर्णपणे नाही. टिळकांच्या चुका त्या झाकत नाहीत. सासऱ्यांचा दरारा, नवऱ्याचे रागाचे झटके, आपला हट्ट, आपली जीभ, सगळे त्या नोंदवतात. हे पुस्तक मुळात मुलाने बापाच्या चरित्रासाठी मागितले होते हे ध्यानात घेतले की त्यांचे धैर्य अधिक जाणवते. मुलापुढे बापाची मूर्ती उभी करायची संधी होती. आईने त्याच्यापुढे माणूस उभा केला, आणि त्या माणसावरचे आपले प्रेम त्यात कुठे कमी पडू दिले नाही. देवदत्तांचेही कौतुक करायला हवे. वडिलांचे असे चित्र त्यांनी पुसले नाही, दाबले नाही, छापून आणले.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई गेल्या. चौथ्या भागाचे काम तेव्हा चालू होते. शेवट देवदत्तांनी जुळवला. पुढे १९३८ चे ‘ख्रिस्तायन’, १९५१ साली ‘भरली घागर’ हा लक्ष्मीबाईंचा कवितासंग्रह, १९५८ साली साहित्य अकादमीसाठी ‘स्मृतिचित्रे’ची संक्षिप्त आवृत्ती. आईने बापाचे अर्धे महाकाव्य पुरे केले आणि मुलाने आईचे अर्धे आत्मचरित्र. देवदत्तांनी ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिकही सांभाळले, आणि १९६० साली पंडिता रमाबाईंचे मोठे चरित्र लिहिले. वडिलांमुळे घरातून दुरावलेली, लहान मूल घेऊन एकटीने उभी राहिलेली आई त्यांनी जवळून पाहिली होती. एकुलत्या मुलीला घेऊन जगभर फिरलेल्या आणि शेकडो निराधार मुलींचे घर झालेल्या रमाबाईंवर त्यांनी लिहावे, यात त्यांच्या आईचा हात कुठेतरी असणारच.

संक्षिप्त आवृत्तीने पुस्तक देशभर पोहोचले, पण संक्षेप म्हणजे काही तरी गाळणे आले. ‘स्मृतिचित्रे’सारख्या पुस्तकात गाळायचे काय? मुख्य कथेशी संबंध नसलेला एखादा शेजारी, प्रवासातला एखादा सोबती, स्वयंपाकघरातला एखादा खटका, अशांतच तर त्याचा जीव आहे. ते काम तिसऱ्या पिढीने हाती घेतले. देवदत्तांचे चिरंजीव अशोक टिळक यांनी आजीच्या पुस्तकाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. पॉप्युलर प्रकाशनाने ती १९८९ साली काढली. आजीने लिहिले ते आठवणीतून, तारखांची पर्वा न करता. नातवाने त्याला काळाचा आधार दिला, येणाऱ्याजाणाऱ्या माणसांच्या ओळखी दिल्या, संदर्भ जागेवर बसवले. असे संपादन विद्यापीठात बसून करता येते, पण घरातल्या माणसाला काही गोष्टी अधिक ठाऊक असतात: कोण कोणाला काय म्हणून हाक मारत असे, कोणती नाती कागदावर आली नाहीत. आज अभ्यासक ‘स्मृतिचित्रे’ म्हणून उघडतात ती बहुधा हीच आवृत्ती.

आपल्याकडे थोरांचे कागद घरच्यांनीच रद्दीत घातल्याच्या गोष्टी कमी नाहीत. वाडा पडतो, वाटण्या होतात, ट्रंका रिकाम्या केल्या जातात. बायकांचे कागद तर त्याहून आधी जातात, कारण ते कागद आहेत हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. टिळकांच्या घरी तसे झाले नाही. ज्या बाईने सगळे आयुष्य दुसऱ्यांची पोरे जपली, तिचे लिहिणे तिच्या पोरांनी जपले. घराण्याचा अभिमान एवढ्याने याचा उलगडा होत नाही. अभिमानाला पुतळा पुरतो. संपादनाला वर्षे द्यावी लागतात.

पुस्तक मग घराबाहेरच्यांचेही झाले. विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी त्यावर चित्रपट केला आणि सुहास जोशी यांनी त्यात लक्ष्मीबाई उभ्या केल्या. पुढे सुहास जोशी यांनी अभिवाचनातूनही ही बाई श्रोत्यांसमोर आणली. मोठ्याने वाचले की या गद्याची खरी जात कळते. डोळ्यांनी वाचताना साधी वाटणारी वाक्ये कानावर पडली की त्यांतला ताल उघड होतो, कारण ती मुळात ऐकणाऱ्यांसाठीच होती.

शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून आणि निवडक उताऱ्यांतून ‘स्मृतिचित्रे’ भेटलेले बरेच वाचक सोवळ्याच्या गमती आणि धर्मांतराचे वादळ इथेच थांबतात. टिळकांच्या मृत्यूनंतरच्या पानांकडे थोडेच जण वळतात. तिथे नाट्य कमी आहे हे खरे. पण नवरा गेलेली, पैसा नसलेली, दोन धर्म आणि कितीतरी गावे पाहून झालेली एक बाई मुलाच्या घरात नव्याने उभी राहते, कविता करते, महाकाव्याचे अध्याय मोजते आणि नातवंडांच्या गलबल्यात आठवणी लिहायला घेते, ते त्या पानांत आहे. अशोक टिळकांची आवृत्ती ग्रंथालयात मिळाली, तर वाचायला शेवटच्या भागापासून सुरुवात करायला हरकत नाही. तिथली लक्ष्मीबाई आधी भेटली की जलालपूरच्या मनूकडे मागे जाताना वाट अधिक ओळखीची वाटते.